खिडकी नंबर चार

स्पंजची वाटी ओळखीची वाटली म्हणून मी थांबले. दाखल्यांच्या कचेरीसमोर फूटपाथवर एक घडीचं टेबल, टेबलावर कोऱ्या अर्जांचे गठ्ठे, गठ्ठे उडू नयेत म्हणून वर ठेवलेलं एक जुनं कुलूप, आणि कडेला ती निळी प्लॅस्टिकची वाटी. आत झिजलेला पिवळा स्पंज. कागद सुटे करताना बोट ओलं करायला सगळ्याच कचेऱ्यांत असा स्पंज असतो, त्यात ओळखण्यासारखं काही नाही. पण या वाटीची एक कड कधीतरी वितळून आत वळली होती, आणि पाच महिन्यांपूर्वी मी ती वळलेली कड काचेपलीकडून तीन दिवस बघत बसले होते. वाटीमागच्या माणसानं वर पाहिलं. "अर्ज लिहायचाय का, ताई?" मी नाही म्हणाले. तेवढं पुरे होतं, पण मी वर "घाईत आहे" असंही म्हणाले, आणि घाई असल्यासारखी चालू लागले. कोपऱ्यावर पोचल्यावर लक्षात आलं की मला जायचं होतं ते बरोबर उलट्या दिशेला. परत वळायचं तर त्या टेबलावरूनच जावं लागणार होतं. मग मी सबंध कचेरीला वळसा घातला, मागच्या गल्लीतून, जिथे मोडक्या खुर्च्या रचून ठेवलेल्या असतात. त्या खुर्च्यांजवळ उभी राहून मी स्वतःला म्हणाले, तो नसेल. स्पंजच्या वाट्या काय, ढिगानं असतात.

तो होता. मला ठाऊक होतं. चष्म्याची काडी दोऱ्यानं बांधलेली, मान जरा डावीकडे, आणि अर्जदाराला कागद देताना तो आधी फिरवून, समोरच्याला सरळ वाचता येईल असा करून देण्याची ती सवय. चार नंबरच्या खिडकीतला कारकून. बाकीच्या तीन खिडक्यांतून कागद नुसते सरकवले जायचे, कधी फेकलेही जायचे. हा मात्र फिरवून द्यायचा. हे मी माझ्या वहीत टिपून ठेवलं होतं, कारण टिपणं हाच माझा धंदा आहे.

धंदा म्हणजे, पोटापाण्याचं कामच म्हणायचं. सरकार निवडून आलं तेव्हा त्यानं भ्रष्टाचार निपटून काढायची बारा वचनं दिली. ती पाळली जातात की नाही हे बघायला आम्ही एक संस्था काढली, चष्म्याच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत. अध्यक्ष निवृत्त न्यायाधीश. आकडेमोड करणारी एक चुणचुणीत मुलगी, तिचं नाव आम्ही टक्केवारी ठेवलंय. या शहरात टक्केवारीचं नाव उघडपणे घेणारी एवढी एकच जागा, असं अध्यक्ष पाहुण्यांना सांगतात आणि पाहुणे दर वेळी हसतात. आणि मी, कचेऱ्या-कचेऱ्यांत जाऊन बाकावर बसणारी. दर वर्षी आम्ही सरकारचं प्रगतिपुस्तक काढतो. प्रत्येक वचनापुढे एक ठिपका, हिरवा, पिवळा किंवा लाल. तोवर हिरवा ठिपका आम्ही छापलाच नव्हता. छापखानेवाला म्हणायचा, तुमची हिरवी शाई वाळून जाईल.

सातवं वचन तक्रारपेटीचं. प्रत्येक कचेरीत कुलूपबंद पेटी, आणि पेटीतल्या प्रत्येक तक्रारीवर पंधरा दिवसांत कार्यवाही. ते तपासायचं कसं, यावर आम्ही दोन बैठका घालवल्या आणि शेवटी ठरवलं की आपणच तक्रारी टाकायच्या. चाळीस कचेऱ्या, चाळीस पेट्या, चाळीस बनावट तक्रारी. बनावट नाव, एका रिकाम्या घराचा पत्ता, आणि उत्तरं यायला एक जुना फोन, जो आमच्या टेबलाच्या खणात राहील. नियम अध्यक्षांनी स्वतः लिहिले, न्यायाधीशाला शोभतील असे: कुणा माणसाचं नाव घालायचं नाही, आणि प्रत्येक तक्रारीमागे एक सीलबंद पाकीट अध्यक्षांपाशी, ज्यात 'ही तक्रार म्हणजे चाचणी होती' असं पत्र. सोळाव्या दिवशी, किंवा त्याआधी कार्यवाही झाली तर त्याच दिवशी, ते पत्र कचेरीला पोचतं करायचं. नियम चांगले होते. मीही माणसाचं नाव घातलं नाही. पण तक्रारीच्या फॉर्मवर खिडकी क्रमांकाचा रकाना होता, आणि तो रिकामा ठेवून चालत नव्हतं.

आता इथे मी काय केलं ते सांगते, कारण ते आमच्यासारख्या माणसांनाच सुचू शकतं. मी त्या कचेरीत तीन दिवस बाकावर बसून चारही खिडक्या पाहिल्या. एक आणि दोन नंबरवर खरोखर खाणं चाललं होतं; तिसऱ्यावर मला शंका होती. त्यांच्याविरुद्ध लिहिलं असतं तर तो खरा आरोप झाला असता, पुराव्याशिवाय केलेला, आणि आम्ही पुराव्याशिवाय आरोप करत नाही. तत्त्व म्हणजे तत्त्व. चौथ्या खिडकीवरचा माणूस मात्र स्वच्छ होता. एका म्हाताऱ्यानं घडी घातलेली नोट अर्जाखालून सरकवली तेव्हा त्यानं ती अर्जासकट फिरवून, त्या म्हाताऱ्याला नीट दिसेल अशी करून परत दिली होती, काही न बोलता. तेव्हा मी विचार केला, याचं कुणी काही वाकडं करू शकणार नाही. चौकशी होईल, काही निघणार नाही, आणि आम्हाला फक्त उत्तर येतं की नाही एवढं कळेल. कर नाही त्याला डर कशाला. ही म्हण माझ्या वडिलांची. ते जन्मभर सरकारी कारकून होते आणि कुणाच्या चहालासुद्धा मिंधे नव्हते. मी रकान्यात चार लिहिलं आणि चिठ्ठी पेटीत टाकली. खाली पडल्याचा आवाज आला, म्हणजे पेटी रिकामी होती.

एकोणचाळीस पेट्यांमधून काहीही आलं नाही. अकराव्या दिवशी खणातला फोन वाजला. 'आपल्या तक्रारीची दखल घेऊन संबंधित कर्मचाऱ्यास निलंबित करण्यात आले आहे.' टक्केवारीनं तो निरोप मोठ्यानं वाचला आणि मी टाळ्या वाजवल्या. हे मला गाळता आलं असतं तर बरं झालं असतं, पण मी टाळ्या वाजवल्या. सगळ्यांनीच वाजवल्या. अध्यक्ष आतल्या खोलीतून बाहेर आले, चष्मा काढून त्यांनी तो निरोप दोनदा वाचला आणि म्हणाले, "म्हणजे यंत्रणा चालू शकते." खाली सांगून चहा मागवला. मी तो चहा प्याले. निलंबित करण्यात आला आहे तो एक माणूस आहे, त्याला मी पाहिलं आहे, त्याची वाटी पाहिली आहे, हे मला त्या वेळी आठवलं नाही असं नाही. आठवलं, आणि मी ते बाजूला ठेवलं, जसं आपण फोन वाजताना हातातला कप बाजूला ठेवतो. पाकीट होतंच की. पाकीट जाईल आणि सगळं ठीक होईल. संध्याकाळी मी पाकिटाची आठवण केली तेव्हा अध्यक्ष म्हणाले, एवढा अहवाल निघू द्या. मलाही ते पटलं. अहवाल निघाला, तक्रारी आमच्याच होत्या हे त्यात न लिहिता; चाळिसांतल्या त्या एका पेटीच्या जोरावर सातव्या वचनापुढे आमचा पहिला हिरवा ठिपका पडला, वर्तमानपत्रात माझा फोटो आला. नंतर पाकिटाचं नाव कुणी काढलं नाही. मीही नाही.

ते कात्रण वडिलांनी कापून फ्रिजच्या दारावर लावलं. वय झालंय, हात थरथरतात, पण कात्री सरळ चालवली. घरी कुणी आलं की ते त्याला फ्रिजपाशी घेऊन जातात. "आमच्या वेळी अशी माणसं असती," असं ते म्हणतात, आणि हे मला उद्देशून असतं. त्या दिवशी मागच्या गल्लीतून फिरून मी घरी गेले तेव्हा ते आमच्या फ्रिजात ठेवलेल्या दुधाच्या पिशव्या न्यायला आलेल्या शेजारणीला खिडकी नंबर चारची गोष्ट सांगत होते, पुन्हा पहिल्यापासून. मी म्हणाले, बाबा, तो माणूस निर्दोष असला तर? त्यांनी माझ्याकडे तसं पाहिलं, जसं मी लहानपणी हिशोब चुकले की पाहायचे. "निलंबित केलं म्हणजे काहीतरी असणारच. मी चौतीस वर्षं काढली तिथे, माझ्याकडे कुणी बोट दाखवलं?"  त्यांच्याकडे बोट दाखवलं गेलं नाही याचं कारण त्यांच्या चौतीस वर्षांत आमच्यासारखी संस्था निघाली नव्हती, हे मी त्यांना सांगू शकले नाही.

त्यानंतर आठ दिवस मी तो रस्ता टाळला. टाळता टाळता शाळा आठवायला लागली, जिची आठवण काढायचं मी कित्येक वर्षं सोडून दिलं होतं. मी वर्गाची मॉनिटर होते. बाई बाहेर गेल्या की खडू घेऊन फळ्यापाशी उभं राहायचं आणि जे बोलतील त्यांची नावं लिहायची. एकदा असं झालं की कुणी बोललंच नाही. वर्गात चित्रं काढायला दिली होती, सगळ्या मुली रंगवण्यात गुंग. फळा कोरा. व्हरांड्यात बाईंच्या चपला वाजायला लागल्या आणि मला भीती वाटली की कोरा फळा बघून बाई म्हणतील, हिनं कामच केलं नाही. मी तिसऱ्या बाकावरच्या मुलीचं नाव लिहिलं. ती वर्गातली सगळ्यात गप्प मुलगी होती. मला वाटलं, हिच्याबद्दल बाईंचा विश्वासच बसणार नाही, सोडून देतील. बाईंनी तिला दाराबाहेर उभं केलं. मधल्या सुट्टीत ती माझ्याकडे आली. भांडायला आली असती तर मीही भांडले असते. तिनं अगदी हळू विचारलं, "मी बोलले होते का गं?" आणि मी म्हणाले, हो, थोडंसं. ती विचार करत करत निघून गेली, आपण काय बोललो ते आठवत. एवढी वर्षं मला लाज वाटत आली ती नाव लिहिल्याची, असं मी धरून चालले होते. तसं नव्हतं. लाज त्या 'थोडंसं'ची होती.

नवव्या दिवशी मी खणातला जुना फोन काढला. चार्जिंग केव्हाच संपलेलं. वायर शोधून लावली, आणि अर्ध्या तासानं तो जिवंत झाला तसे एकामागून एक निरोप येऊ लागले. 'तक्रारदाराने चौकशीसाठी उपस्थित राहावे.' तारीख. 'तक्रारदार अनुपस्थित. पुढील तारीख.' पुन्हा तारीख. असे तीन. चौथ्यात लिहिलं होतं की येत्या सोमवारची तारीख शेवटची. तक्रारदार आला नाही तर हाती असलेल्या कागदांवरून सेवेतून काढण्याबाबत निर्णय होईल. हाती कागद एकच होता, माझ्या अक्षरातला. त्याला दोषी ठरवायला तक्रारदार लागत नव्हता, सोडायला मात्र लागत होता, आणि तक्रारदार म्हणून या जगात कुणी नव्हतंच. मी फोन घेऊन आतल्या खोलीत गेले.

अध्यक्षांनी सगळं शांतपणे ऐकलं. ते वाईट माणूस नाहीत. वाईट असते तर मला किती सोपं गेलं असतं. त्यांनी खणातून पाकीट काढून टेबलावर ठेवलं, सील तसंच, आणि त्यावर हात ठेवून बसले. पुढच्या महिन्यात सभागृहात आपल्या अहवालावर चर्चा आहे, म्हणाले. एक तक्रार बनावट निघाली की चाळीसच्या चाळीस बाहेर येतील, मग सरकार म्हणेल यांचं प्रत्येक पान खोटं. दहा वर्षांचं काम. शिवाय खोट्या तक्रारीचा गुन्हा, तोही लिहिणाऱ्यावर, म्हणजे तुमच्यावर. मग जरा थांबून म्हणाले, "सुक्याबरोबर ओलंही जळतं. त्या माणसासाठी आपण पुढे काहीतरी करू." मला उत्तर सुचलं ते जिन्यात आल्यावर. सुकं कुठे जळलं होतं? एक, दोन आणि तीन नंबरच्या खिडक्या व्यवस्थित चालू होत्या. एकटं ओलंच जळत होतं. पण वर जाऊन हे बोलायची माझी छाती झाली नाही. टक्केवारीनं जिन्याच्या तोंडाशी येऊन विचारलं, काय झालं हो? मी म्हणाले, काही नाही.

शुक्रवारी सकाळी घरातून निघताना मी फ्रिजवरचं कात्रण काढलं आणि पर्समध्ये घातलं. वडिलांनी आतून विचारलं, फ्रिज का वाजला? पाणी घेत होते म्हटलं. बघा, त्या दिवशीसुद्धा माझ्या तोंडून पहिलं वाक्य निघालं ते खोटंच.

टेबलापाशी गर्दी नव्हती. मी समोरच्या स्टुलावर बसले. त्यानं मला ओळखलं नाही, ना त्या दिवसाची घाईतली बाई म्हणून, ना बाकावरची. मी म्हणाले, अर्ज लिहून हवाय, दाखल्यांच्या कचेरीच्या मुख्य अधिकाऱ्यांच्या नावे. त्यानं स्पंजला बोट लावलं, गठ्ठ्यातून एक कोरा कागद सुटा केला, आणि वरच्या कोपऱ्यात समास सोडून 'प्रति' लिहिलं. अक्षर मोठं गोलाकार, निवांत. मला एकदम बोलायचं धैर्य होईना म्हणून मी विचारलं, तुम्ही आधी आतच होता ना? हो म्हणाला, एकवीस वर्षं. सध्या घरी बसवलंय, आणि हात गप्प बसत नाहीत म्हणून इथे. कुणीतरी तक्रार केली. तो हे अशा आवाजात सांगत होता की जणू कुणी पत्ता विचारला आहे.

"माणूस सापडत नाही, ताई. तीनदा तारीख पडली, मी वेळेआधी जाऊन बसतो. त्याच्याशी भांडायचं नाहीये मला. मी कुणाला तरी उलट बोललो असेन. रांग मोठी असली की तोंडून जातं कधी. नुसतं कळलं असतं तर बरं होतं, कधी ते."

मधल्या सुट्टीतला तो हळू आवाज मला तिथे, त्या फूटपाथवर ऐकू आला.  या माणसानं पाच महिने रोज रात्री अंथरुणावर पडून आपली एकवीस वर्षं चाळली असणार, कोण म्हातारा, कोण बाई, कधी आपला आवाज चढला होता. आणि काहीच न सापडल्यावर काहीतरी सापडवलं असणार. लाज कशी असते ते मला माहीत आहे असा माझा समज होता. पण माझ्या वाट्याची लाज हा दुसराच माणूस इतके दिवस वागवत होता, आणि ती त्याच्या अंगाला बसावी म्हणून त्यानं स्वतःला कापून लहान केलं होतं.

"विषय काय घालू?" त्यानं विचारलं.

"तक्रार मागे घेण्याबाबत."

त्यानं विषय लिहिला, खाली रेघ मारली. कारण विचारलं. मी म्हणाले, तक्रार खोटी होती. त्यानं पेन उचललं नाही, पण थांबला, आणि आजूबाजूला कुणी नाही असं पाहून आवाज खाली आणला. "खोटी असं लिहू नका. उद्या तुमच्यावरच उलटेल. गैरसमजातून झाली असं लिहितात. मी लिहितो नीट."

"गैरसमज नव्हता. खोटीच लिहा."

त्यानं मान हलवली, जशी न ऐकणाऱ्या अर्जदारापुढे हलवायची सवय असते, आणि लिहिलं. मग म्हणाला, तक्रार क्रमांक सांगा. मी पर्समधून जुना फोन काढला. नऊ आकडे होते. मी एकेक वाचू लागले, तो एकेक लिहू लागला. सात. शून्य. चार. चार. मी थांबले. तो थांबला नाही. उरलेले पाच आकडे त्यानं माझ्याविना लिहिले, त्याच गोल अक्षरात, न चुकता, आणि शेवटी टिंब दिलं. मग त्याचं पेन तिथेच राहिलं, टिंबावर, आणि शाई कागदात पसरत गेली.

मी भराभरा बोलत होते. संस्था, बारा वचनं, चाळीस पेट्या, पाकीट. सोमवारी मी स्वतः येईन, माझ्या खऱ्या नावानं. यातलं त्यानं किती ऐकलं कुणास ठाऊक. तो कागदाकडेच बघत होता. रस्त्यावरून एक हातगाडी गेली, टेबल जरा हाललं, वाटीतलं पाणी हाललं. एक बाई अर्ज लिहून घ्यायला आली, आमच्याकडे पाहून पलीकडे जाऊन उभी राहिली. तो मला शिव्या देईल अशी मी वाट बघत होते. खरं सांगायचं तर मी शिव्यांची आस धरून बसले होते. त्यानं चष्मा काढला, दोरा सारखा केला, पुन्हा घातला.

"चार खिडक्या होत्या," तो म्हणाला. "मीच का?"

यावर गोड करून सांगण्यासारखी दहा उत्तरं मला त्या क्षणी सुचली. मी माणसांना प्रश्नावल्या भरायला लावते, मला उत्तरं सुचतात. त्यातलं एकही 'थोडंसं'हून वेगळं नव्हतं.

"तुम्ही खात नव्हता म्हणून," मी म्हणाले. "मला वाटलं, तुम्हाला काही होणार नाही."

 मग त्यानं कागद उचलला, फिरवला, मला सरळ वाचता येईल असा करून माझ्यापुढे ठेवला, आणि वर आपलं पेन ठेवलं.

"एवढं तुमच्या हातानं लिहा."

मी लिहिलं. त्याच्या सरळ ओळींच्या खाली माझी ओळ तिरकी गेली, शेवटचे शब्द समासाबाहेर. सदर कर्मचारी लाच घेत नाही हे मला माहीत होते, म्हणून मी त्याची निवड केली. खाली मी सही केली, माझं पूर्ण नाव लिहिलं, वडिलांच्या नावासकट.  सोमवारनंतर त्यांना हे वर्तमानपत्रातूनच कळणार होतं, आणि त्याआधी, आज घरी गेल्यावरच, मला ते त्यांना सांगायचं होतं. मी कागद तसाच त्याच्याकडे सरकवला. फिरवायचं राहून गेलं. त्यानं तो उलटाच, वरपासून खालपर्यंत वाचला. घाई केली नाही. एकवीस वर्षं तो असेच कागद तपासत आला होता, आणि हाही त्यानं तसाच तपासला. मग खाली सहीच्या डाव्या बाजूला, मोकळ्या जागेवर त्यानं बोट ठेवलं.

"तारीख राहिली," तो म्हणाला.